निकम डॉक्टरांची टेप

आमच्या शेजारचे निकम डॉक्टर तुम्हाला डुक्कर म्हणाले, तर अजिबात रागवायचं नाही. त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकी नाही. आता मला हे कळतं. माझ्या सासूबाईंना ते पहिल्या भेटीत कळायला हवं होतं, अशी अपेक्षा धरणं मात्र चुकीचं होतं.

त्या वेळी आम्ही देवळाली कॅम्पात नुकतेच राहायला आलो होतो. सासूबाई लासलगावकडच्या, अंगानं उंचनिंच, पाठीत ताठ, डोक्यावरचा पदर कपाळावर ओढलेला. डॉक्टरांनी जिन्यात त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान डोलावून म्हणाले, "वा! अस्सल लँडरेस!"

सासूबाईंना वाटलं, विलायती मोटारीचं नाव असणार. दोन-चार दिवस त्या भाजीवालीपासून पोळीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, "डॉक्टर मला ल्यांडरेस म्हनले." मग माझ्या मुलीनं, ओवीनं, त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. लांबलचक पाठीची, डोळ्यांवर कान पडलेली, गुलाबी डुकरीण. सासूबाईंनी चप्पलसुद्धा घातली नाही, तशाच शेजारचं दार वाजवायला गेल्या.

डॉक्टर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "आक्का, लँडरेससारखी आई जगात नाही हो. जेवढी पिल्लं तेवढ्यांना दूध पुरवते. आणि कान डोळ्यांवर असल्यामुळे दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही." सासूबाई परत आल्या त्या डॉक्टरांकडचा चहा पिऊनच. "माणूस येडा हाय," त्या मला म्हणाल्या, "पन वाईट नाय."

डॉक्टर जनावरांचे. सरकारी वराहपैदास केंद्रात त्यांची सगळी नोकरी गेली. आपल्याकडे वराह म्हटलं की अवतार आणि डुक्कर म्हटलं की शिवी, त्यामुळे नोकरी काय करता या प्रश्नाला त्यांच्या बायकोनं जन्मभर "सरकारी आहेत" एवढंच उत्तर दिलं. ती माउली जाऊन बरीच वर्षं झाली. डॉक्टर एकटेच राहतात. दारावरची "डॉ. निकम" ही पाटी वाचून अजूनही कुणी कुणी ताप घेऊन येतं. डॉक्टर दार उघडून विचारतात, "किती पायांवर चालता? दोन? मग समोरच्या गल्लीत जा."

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम कापडी टेप असते. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश. टेप झिजली की ते माझ्याकडून नवी घेऊन जातात. डुकराला वजनकाट्यावर उभं करणं म्हणजे महाकठीण काम, म्हणून छातीचा घेर आणि पाठीची लांबी मोजायची, गुणाकार-भागाकार करायचा, की वजन तयार. ही विद्या डॉक्टर सगळ्यांवर चालवतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. त्यांच्या होणाऱ्या जावयाला साखरपुड्यात "शुभेच्छा" म्हणत डॉक्टरांनी मिठी मारली आणि मागच्या हातानं टेप फिरवून घेतली. मोठ्यानं सांगितलेलं वजन इतकं बिनचूक निघालं, की जावई जेवताना दुसऱ्या जिलेबीला नको म्हणाला. सुभेदार स्वतः ड्युरॉक. तांबूस रंग, दणकट बांधा, खाणं भरपूर. काळ्या शर्टावर पांढरं उपरणं घेऊन आरतीला उभा राहिलेला माझा नवरा हॅम्पशायर, कारण त्या जातीचं डुक्कर काळं आणि खांद्यावर पांढरा पट्टा.

"आणि मी?" एकदा मी विचारलं.

"तुम्ही ना ताई, देशी," ते म्हणाले.

मला राग आला. सगळ्यांना परदेशी आणि आपल्याच वाट्याला देशी? मी बुटकी आहे, सावळी आहे, हे मला ठाऊक आहे, पण ते शेजाऱ्यानं सांगायला नको. डॉक्टर म्हणाले, "अहो, काटक जनावर. मिळेल ते खातं, आजारी पडत नाही, कुणाच्या भानगडीत नसतं. मला निवड दिली तर मी देशीच पाळीन." राग गेला नाही, पण ब्लाउजाची बटणं लावून होईपर्यंत थोडा उतरला.

एकदा कुणीतरी लग्नाच्या बोलण्यात त्यांना आडून आडून विचारलं, की निकम म्हणजे नक्की तुमची जात कोणती हो? डॉक्टर म्हणाले, "जात मी फक्त डुकरांची विचारतो. तीसुद्धा कामापुरती." विचारणारा पुन्हा आमच्या जिन्यात दिसला नाही.

डॉक्टरांचा खरा विषय म्हणजे वाढ. डुकराची कोणती जात झपाझप वाढते, कोणती रखडते आणि का, यात त्यांनी आयुष्य घातलं. चार माणसं बसली, की कांद्याच्या भावावरून किंवा सुनेच्या बाळंतपणावरून ते वळसा घेऊन बरोबर तिथंच येतात. "मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी गाठ असते. वाढीचं हार्मोन तिथून सुटतं. पण नळासारखं धो धो नाही! उचकीसारखं. एक येते, मग गप्प. मग पुन्हा एक. आणि मोठी उचकी कधी? गाढ झोपेत." हे उचकीचं तत्त्वज्ञान आमच्या सोसायटीत लहान पोरांनाही पाठ आहे.

याच तत्त्वज्ञानापायी त्यांनी एकदा बोअरची गाडी अडवली होती. भर दुपारी खोदाई चालू झाली, आणि डॉक्टर छत्री घेऊन गाडीपुढं उभे. "बंद करा! आत बाळं झोपलीत! ऐन उचकीच्या वेळी हा खडखडाट? कॅम्पातली एक पिढी बुटकी राहील!" बोअरवाली पोरं तमिळ. त्यांना मराठीचं अक्षर कळलं नाही, पण छत्री कळली. चार वाजेपर्यंत मशीन बंद राहिलं. पाणी लागलं ते वेगळं, आणि सुभेदारांचा पारा चढला तो वेगळा.

दोन गोष्टी मात्र मला कोड्यात टाकायच्या. एक म्हणजे जग मोजणारा हा माणूस लहान मुलांना कधीच टेप लावत नसे. पोरं स्वतः मागं लागायची, "डॉक्टरआजोबा, मला मोजा ना!" ते चिक्की द्यायचे, कान पिळायचे, पण टेप खिशातच. दुसरी म्हणजे रविवारी ते घरात थांबत नसत. सकाळीच माझ्या मशीनसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे, पेपर वाचायचे, दोरे गुंडाळून द्यायचे, उगाच गुंते सोडवायचे. सोमवारी संध्याकाळी मात्र कुणी बोलावलं तरी बाहेर पडायचे नाहीत. सोमवारी त्यांच्या मुलीचा, मंजिरीचा, बंगळुरूहून फोन येतो. फोन आटोपशीर असतो. भिंतीपलीकडून ऐकू येतं ते "बरं... बरं... औषध घेतो" एवढंच.

आता ओवीकडे येते. ओवी सातवीत आहे आणि तिला बास्केटबॉलचं वेड आहे. खेळ निवडताना पोरीनं आरशात पाहिलं नव्हतं. कॅम्पातल्या शाळेत फौजी लोकांची मुलं. पंजाब, हरियाणातून आलेल्या तिच्या मैत्रिणी नुसता हात वर करतात तो कपाटाच्या माथ्याला लागतो. त्यांच्या घोळक्यात ओवी उभी राहिली, की फक्त तिची रिबीन दिसते. मी गणवेश वाढत्या अंगाचा शिवते, खालच्या दुमडीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवते. दर उन्हाळ्यात सगळ्या पोरींच्या आया दुमड उसवून घ्यायला येतात. ओवीच्या ट्यूनिकची दुमड मी एकदा शिवली ती तशीच आहे.

सासूबाईंना हे सहन होईना. "आमच्या खानदानात सगळी ताडमाड. ही पोर कुनावर गेली?" असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. मग दारावर लोंबकळणं झालं, दुधात कसलीशी पावडर झाली. शेवटी नाशिकरोडला त्यांनी एक फलक पाहिला. त्यावर जिराफाचं चित्र आणि उंची वाढवणाऱ्या इंजेक्शनांची खात्री. तपासणी नाही, चौकशी नाही, आलात की सुई. सासूबाईंनी सोमवारची वेळ घेऊनही टाकली. नवरा लासलगावला मार्केटात अडत्याकडे कामाला, तो फोनवर म्हणाला, "आई म्हणते तसं कर."  रात्रीच्या जेवणात ओवीनं हळूच विचारलं, "आई, सुईनं मी टीममध्ये राहीन ना?"  नको म्हणावं, तर उद्या पोर म्हणेल, तूच मला बुटकी ठेवलीस. हो म्हणावं, तर माझ्या पोरीच्या अंगात कोण काय टोचणार हे मलाच माहीत नाही.

शनिवारी मी ओवीचा हात धरून शेजारी गेले. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही जन्मभर वाढीचाच अभ्यास केलात. हिला एकदा नीट मोजा, आणि सांगा, सुई द्यायची का."

डॉक्टरांनी टेपेवर हात ठेवला. मला वाटलं, काढतात आता. त्यांनी ती आणखी आत ढकलली आणि खिशाचं बटण लावलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "पोरीला मोजायचं नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी दारणेकाठी चला. आक्कांनाही घ्या. त्यांच्याशिवाय नाही."

दारणा नदीच्या काठाला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं डुक्करपालन आहे. सासूबाई नाकाला पदर लावूनच रिक्षातून उतरल्या. पण जागा आमच्या सोसायटीच्या जिन्यापेक्षा स्वच्छ होती. एका कप्प्यात दोन डुकरिणी होत्या. एक पांढरी, भिंतीएवढी. दुसरी काळी, केसाळ, तिच्या निम्म्याहून लहान.

"ही महाराणी, लार्ज व्हाइट," डॉक्टर म्हणाले. "आणि ही आमची ठमी. देशी. दोघी एका वयाच्या, एकाच गव्हाणीत खातात. आक्का, ठमी लहान का राहिली, सांगा."

"पांढरी तिला खाऊ देत नसंल," सासूबाई म्हणाल्या. सासू म्हणून त्यांना ते लगेच सुचलं.

"पोटभर खाते ती. मलाही तरुणपणी वाटायचं, की हिच्या अंगात हार्मोन कमी असणार. बाहेरून घातलं की झाली महाराणी! पण तसं सरळ नसतं. लहान चणीच्या काही जातींच्या रक्तात ते भरपूर फिरत असतं. उलट जास्तच. पण हाडांनी, मांसानं ते ऐकायचं किती, हे घराण्यागणिक वेगळं. आणि मेंदूत दोघं बसलेले असतात. एक म्हणतो, सोड. दुसरा म्हणतो, थांब. कोणत्या घरात कुणाचं किती चालतं, त्यावर सगळं."

"म्हंजे सून म्हनती सोड अन् सासू म्हनती थांब," आक्का म्हणाल्या.

"अगदी! आणि दोघींपैकी एकीला घराबाहेर काढलं, तर घर चालत नाही." डॉक्टर माझ्याकडे न बघता बोलले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ओवी कठड्यावर हनुवटी टेकवून ठमीकडे बघत होती. ठमीनं नाक वर करून तिचा हात हुंगला. "आजोबा," ओवीनं विचारलं, "हिला वाईट नाही वाटत? महाराणी रोज शेजारी असते तर?"

"तिला कुणी सांगितलेलंच नाही, की ती लहान आहे," डॉक्टर म्हणाले. "ठमी चांगली आणि महाराणी वाईट, असं नाही हं. दोघी आपापल्या मापाच्या. जनावरं एकमेकांना मोजत नाहीत. मोजतो तो मी."

मग ते कठड्यावर वाकले. बोलायला लागले ते आमच्याशी नाही, ठमीशी. "आमची मंजू अशीच होती. तिची आई ठेंगणी, मीही काही ताड नाही. पण मला वाटायचं, वाढीवर काम करणाऱ्याची मुलगी अशी कशी? दर रविवारी सकाळी तिला भिंतीशी उभी करायचो. टाचा भिंतीला. मान सरळ. हनुवटी खाली. दर रविवारी. एकदा तिनं टाचा उचलल्या. जरा उंच दिसावं म्हणून, मला बरं वाटावं म्हणून. मी काय म्हणालो? 'टाचा भिंतीला, मंजू. फसवायचं नाही.' पुढच्या रविवारी ती सकाळीच मैत्रिणीकडे गेली. मग प्रत्येक रविवारी. पोरीत काही कमी नव्हतं हो. निरोगी होती, हुशार होती. मी मोजून मोजून तिला लहान केलं. आता एवढी मोठी झाली, माझी चौकशी करते, औषधं पाठवते. पण रविवारी फोन नाही करत."

सासूबाईंचा पदर नाकावरून कधी खाली आला, कळलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तिथल्या वासावर ढकललं.

"मी डुकरांचा डॉक्टर," ते शेवटी म्हणाले. "पोरीला लहान मुलांच्या नीट डॉक्टरकडे न्या. तो तपासेल, हाडांचा फोटो काढेल. कुठं खरंच अडलं असेल, तर औषध असतं आणि ते घ्यावंच. पण जिराफाचं चित्र बघून सुई घ्यायची नाही. आक्का, आता तुम्ही सांगा."

 घरी येऊन सासूबाईंनी जिराफवाल्यांना स्वतः फोन लावला. "आमी नाय येत," त्या म्हणाल्या. पलीकडून बहुतेक का म्हणून विचारलं असावं. "आमची पोर देशी हाय. काटक." आणि फोन ठेवला. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं मला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक, आणि तेही माझ्या नावावर नाही.

ओवीला आम्ही मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, माझी उंची विचारली, माझ्या आईची विचारली आणि हसल्या. मुलगी आपल्या चालीनं वाढते आहे, म्हणाल्या, मधूनमधून दाखवून जा. ओवी टीममध्ये आहे. बहुतेक वेळ बाकावर असते, पण उतरली की उंच पोरींच्या हाताखालून चेंडू पळवते, आणि प्रेक्षकांत सासूबाई एवढ्या ओरडतात, की शाळेनं एकदा मला समज दिली आहे.

हे सगळं होऊन गेल्यावरचा एक रविवार. डॉक्टर नेहमीसारखे माझ्या खुर्चीत बसून दोरा गुंडाळत होते. ओवी आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, टेप द्या." त्यांनी खिशावर हात दाबला. "माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी. उठा."

डॉक्टर नाही नाही म्हणत उठले. पोरीनं त्यांना भिंतीशी उभं केलं, स्वतः स्टुलावर चढली. "टाचा भिंतीला," ती म्हणाली. "मान सरळ. हनुवटी खाली." डॉक्टरांचा चेहरा कसानुसा झाला. तिनं डोक्यावर पट्टी आडवी धरली, टेप लावली, पुन्हा लावली. "आजोबा, तुम्ही आधी किती होता?" त्यांनी सांगितलं. "मग तुम्ही घटलात!"

डॉक्टर हसायला लागले. इतके, की भिंतीला धरावं लागलं. "घटणारच! म्हातारं जनावर. मणके दबतात."

"मंजूमावशीला सांगू या?"

हसू थांबलं. "आज रविवार आहे गं," ते म्हणाले.

"मग काय झालं?" ओवी म्हणाली. तिला त्या वारात काय अडकलं आहे हे चांगलं माहीत होतं. दारणेकाठी तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्यांच्याच फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. मी मशीन थांबवलं. घंटी वाजत राहिली. उचलणार नाही, असं मला वाटलं.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?" मंजिरीचा आवाज घाबरलेला होता. रविवारी त्यांनीही कधी फोन केला नसावा.

 डॉक्टरांच्या आधी ओवीच बोलली. "मावशी, मी शेजारची ओवी. आम्ही आजोबांची उंची मोजली. ते घटलेत."

  मग मंजिरीनं अगदी हळू विचारलं, "टाचा भिंतीला लावल्या होत्या का त्यांनी?"

"लावल्या होत्या, मंजू," डॉक्टर म्हणाले.  "नाही फसवलं. आणि तूही... तू तेव्हा काही चुकीचं नव्हतं केलंस गं. मीच चुकलो."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "त्या पोरीला नीट मोजता येत नसेल. पुढच्या रविवारी मी येते. मीच बघते."

फोन बंद झाला. ओवीनं टेप गुंडाळून डॉक्टरांच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि खेळायला पळाली. मी मशीन पुन्हा चालू केलं. डॉक्टर मात्र खुर्चीत बसले नाहीत. मान सरळ, हनुवटी खाली, भिंतीला टाचा लावून ते तसेच उभे होते.